रेतोचे पाच शर्ट

दर दुसऱ्या मंगळवारी एल्सबेथ नेफ आपल्या मुलाचे पाच शर्ट धुवायची. दोन निळे, एक चौकड्यांचा, एक पांढरा आणि एक हिरवा, ज्याची कॉलर विरली होती. शर्ट मळलेले नसत. दोन वर्षांत ते कुणाच्या अंगालाच लागले नव्हते. कपाटातून काढायचे, तळघरात न्यायचे, धुवायचे, अंगणातल्या दोरीवर वाळत घालायचे, इस्त्री करून परत कपाटात ठेवायचे. बाई वेडी नव्हती. उलट वसाहतीतलं सगळ्यांत शहाणं माणूस कोण असं विचारलं असतं तर निम्म्या लोकांनी तिचंच नाव घेतलं असतं, आणि उरलेल्या निम्म्यांनी तोंड वाकडं केलं असतं.

झुरिकच्या त्या वसाहतीत धुण्याचा वार ठरलेला असतो आणि तो सहसा मरेपर्यंत बदलत नाही. एका जिन्याला धुण्याची एक खोली, त्या खोलीची एक किल्ली. सकाळी सातला किल्ली आपल्या हाती येते. संध्याकाळी सातला मशीनच्या जाळीतला धाग्यांचा बोळा काढून, फरशी पुसून ती पुढच्या बिऱ्हाडाला द्यायची. फरशी ओली राहिली तर सूचनाफलकावर चिठ्ठी लागते, नाव न घालता, पण अशा अक्षरात की कुणी लिहिली ते सगळ्यांना कळावं. आणि दोरीवर काय वाळतंय ते तर चारी बाजूंच्या खिडक्यांतून दिसतंच. कुणाकडे पाहुणा आला, कुणाचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, कुणाचा नवरा घर सोडून गेला, हे या अंगणात दोरीवरून कळतं.

म्हणून शर्ट.

रेतो, एल्सबेथचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी विंटरथुरला राहायला गेला होता. मिरियम नावाच्या मुलीबरोबर, तिच्या भाड्याच्या लहानशा घरात. सत्तावीस वर्षांचा मुलगा, जायचाच. मुलगी कारीन आधीच जिनिव्हाला गेलेली, नवरा हान्सरुएडी सहा वर्षांपूर्वी वारलेला. राहिली एकटी एल्सबेथ, आणि चार खोल्या. आणि ही घरं ज्या सहकारी गृहसंस्थेची, तिचा नियम असा, की चार खोल्यांच्या घरात निदान दोन माणसं हवीत. दोनाचं एक झालं की कचेरीला कळवायचं. मग संस्था आपल्याला लहान घर देते. याच वसाहतीत मिळालं तर नशीब, नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पावाच्या दुकानातली बाईसुद्धा ओळखत नाही.

एल्सबेथने कळवलं नाही. वर्षाच्या शेवटी कचेरीचा फॉर्म आला, 'घरात राहणाऱ्यांची नावं'. तिने आधी स्वतःचं लिहिलं, पेन थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि खाली रेतोचं नाव लिहिलं. पुढच्या वर्षी पेन थांबलाही नाही. कचेरी तपास करत नाही. सभासद खोटं लिहील असं संस्थेच्या कुणाच्या मनातच येत नाही. खोटं लिहिल्याचं सिद्ध झालं तर मात्र लहान घर वगैरे काही नाही. सभासदत्व जातं, आणि मग घर शोधायचं ते बाहेरच्या बाजारात.

हे सगळं तिला तोंडपाठ होतं, कारण अकरा वर्षं ती स्वतः वसाहतीच्या समितीवर होती. नियमाची आठवण करून द्यायला लोकांच्या दारी जायचं अवघड काम तिच्याकडे असायचं. बाकीचे टाळायचे. ती जायची, हातात घरी केलेला सफरचंदाचा केक घेऊन. विधवा, विधुर, मुलं उडून गेलेले आईबाप, सगळ्यांना ती शांतपणे एकच वाक्य सांगायची, "घर आपलं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे." त्या वेळी हे वाक्य तिला मनापासून पटायचंही. ती ज्या घरात राहत होती तेच मुळी लीना वेटश्टाइन नावाच्या विधवेनं सोडलेलं. रेतो तेव्हा एक वर्षाचा होता. लीनाबाईंनी एक शब्द काढला नव्हता. जाताना फरशी घासून लख्ख केली होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत कांद्याच्या पातीची कुंडी ठेवली होती, नव्या बाईला सूप करायला होईल म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं एल्सबेथच्या बाबतीत कुणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं.

फेब्रुवारी संपता संपता, एका शुक्रवारी, पत्रपेटीत संस्थेचं पाकीट आलं. लांबट, पांढरं, कोपऱ्यात संस्थेचा शिक्का. पत्ता तिच्या घरचा. नाव मात्र श्री. रेतो नेफ.

जिन्यातच ती कठडा धरून उभी राहिली. संस्थेला रेतोशी काय काम? एकच काम असू शकतं. कुणीतरी सांगितलंय. आता ते त्यालाच विचारणार, तुम्ही खरंच इथे राहता का, सही करा. आणि रेतो कसला आईसाठी खोटी सही करणार. त्याला तर ठाऊकच नव्हतं की तो अजून इथे राहतो. रविवारी जेवायला यायचा तेव्हा घंटीच्या पाटीवर स्वतःचं नाव पाहायचा, आणि आईचा जीव अडकलाय असं समजून सोडून द्यायचा.

तिने पाकीट उजेडासमोर धरलं. आत घडी केलेला एकच कागद होता, अक्षर काही दिसत नव्हतं. मग तिने ते टेबलक्लॉथच्या खणात, नाताळच्या लाल कापडाखाली सरकवलं आणि खण बंद केला. पंधरा मिनिटांनी पुन्हा उघडून पाहिलं. पाकीट तिथेच होतं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि पुढच्या रात्रीही नाही. रविवारी रेतो आला, पोटॅटो ग्रॅटिन दोनदा घेतलं आणि म्हणाला, "आई, बरं नाही का तुला? तोंड उतरलंय."

"हवा. दक्षिणेचा वारा सुटला की डोकं धरतं."

त्याच्याही मनात काहीतरी होतं. दोनदा तोंड उघडून त्याने मिटलं. एल्सबेथला वाटलं, याला कळलंय. म्हणून तिने घाईघाईने कारीनच्या मुलांचा विषय काढला आणि त्याला बोलायला जागाच ठेवली नाही. खणातलं पाकीट जेवणाच्या टेबलापासून तीन पावलांवर होतं.

पुढच्या मंगळवारी ती शर्ट वाळत घालत होती तेव्हा खालच्या मजल्यावरची व्योसा क्रास्निची अंगणात आली. कोसोव्होतली. नवरा-बायको आणि तीन मुलं, पाच माणसं तीन खोल्यांत, मोठ्या घरासाठी चार वर्षं यादीत. मुलांच्या गाद्या रोज सकाळी भिंतीला उभ्या कराव्या लागतात, हे तिचं हसत सांगायचं वाक्य होतं, पण अलीकडे हसू कमी झालं होतं.

"रेतो दिसत नाही हल्ली," व्योसा चिमटे पुढे करत म्हणाली.

"शिफ्ट असते त्याची. पहाटे जातो."

"माझा नवरा पण पहाटे जातो. त्याच्या कॉलरचा मळ तीनदा घासला तरी निघत नाही." व्योसाने पांढऱ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली आणि सोडली. "तुझा मुलगा फार स्वच्छ घाम गाळतो, एल्सबेथ."

एल्सबेथच्या हातातला चिमटा खाली पडला. व्योसाने तो उचलून दिला. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, कुत्सितपणाही नव्हता, आणि त्यामुळेच एल्सबेथला जास्त भीती वाटली. संध्याकाळी किल्ली देताना तिने व्योसाच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. त्या दिवशी तिने फरशी दोनदा पुसली होती.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या दारावर कागद लागला. नवे रेडिएटर बसवायचे आहेत, तरी पुढच्या बुधवारी सकाळी कचेरीतून टोब्लरबाई मिस्त्रीला घेऊन प्रत्येक घरी येतील, कृपया सर्व खोल्या उघड्या ठेवाव्यात. 'सर्व' या शब्दाखाली रेघ होती. जिन्यातल्या बाकी बिऱ्हाडांना त्या रेघेत काही दिसलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

बुधवारी पहाटे पाचपासून एल्सबेथ रेतोची खोली राहती करत होती. आयुष्यभर तिने त्याला अंथरूण आवर म्हणून सांगितलं होतं. आता तिने स्वतः त्यावर लोळून चादर चुरगळली, उशीला खळगा पाडला. खुर्चीवर निळा शर्ट टाकला, जमिनीवर एक मोजा. मग वाटलं, एकच मोजा खोटा दिसतो, म्हणून दुसरा पलंगाखाली अर्धा सरकवला. टेबलावर अर्धा कप कॉफी ठेवली. कालचं वर्तमानपत्र खेळाच्या पानावर उघडलं. दारात उभं राहून पाहिलं तेव्हा खोली अगदी खरी दिसत होती, आणि खोलीत कुणी नव्हतं.

टोब्लरबाई नऊला आल्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला बांधलेला, स्वभावानं चांगल्या. समितीच्या दिवसांपासून दोघींची ओळख, पण अजून 'तुम्ही'च. मिस्त्रीने खोली खोली मापं घेतली. रेतोच्या खोलीत तो रेडिएटरपाशी वाकला आणि म्हणाला, "हा तर थंडगार आहे. नळ पार बंद. गंजून बसलाय. पोरगा बर्फात झोपतो की काय?"

"उकडतं त्याला," एल्सबेथ म्हणाली. खोलीत नाकाला झोंबेल अशी थंडी होती. सगळं आठवलं होतं, हे राहिलं.

टोब्लरबाईंनी थंडगार नळाकडे पाहिलं, कॉफीच्या कपाकडे पाहिलं. मिस्त्री पुढच्या खोलीत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "नेफबाई, रेतोला आमचं पत्र मिळालं ना?"

"मिळालं. मी दिलं त्याच्या हातात."

"पण उत्तर नाही आलं. सोमवारी मुदत संपते."

"कसली..." एल्सबेथने शब्द गिळला. पत्र दिलं म्हटल्यावर कसली मुदत असं कसं विचारणार.

"पत्रात काय आहे ते मी बोलणार नाही. ते त्याचं आहे," टोब्लरबाई म्हणाल्या. "पण उद्या तो गेला तर तुम्हालाही लहान घरात जावं लागणार, ते ओघानं आलंच. तुम्हाला मी नियम काय सांगू? तुम्हीच आम्हाला शिकवलेत. दोघं बोललात का यावर?"

एल्सबेथला वाटलं, ही मला दार उघडून देतेय, इथेच कबूल कर म्हणतेय. एक क्षण तिच्या ओठांवर आलंही. पण मग डोळ्यांपुढे स्वयंपाकघर आलं, जिथे हान्सरुएडी शेवटच्या हिवाळ्यात खिडकीशी बसून चिमण्यांना पावाचा चुरा टाकायचा. ती खुर्ची तिने अजून हलवली नव्हती.

"तो कुठे जात नाही," ती म्हणाली.

"असं त्याने सांगितलं?"

"हो. त्याला इथेच बरं वाटतं."

टोब्लरबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "बरं. मग तसं लिहून घेते." आणि त्यांनी खरंच वहीत लिहिलं.

सोमवार गेला. काही झालं नाही. मंगळवार, बुधवार, पूर्ण आठवडा गेला. पत्रपेटीत वीजबिल आलं, कारीनचं कार्ड आलं. एल्सबेथला भूक लागायला लागली. वादळ टळलं असं वाटून तिने स्वतः एकटीसाठी सफरचंदाचा केक केला आणि पहिल्यांदाच पूर्ण रात्र झोपली.

त्यानंतरच्या शनिवारी व्योसा वर आली. हातात बक्लाव्याचं ताट, डोळे रडून सुजलेले, आणि तोंडभर हसू. संस्थेच्या नव्या इमारतीत चार खोल्यांचं घर मिळालं होतं. यादीतल्यांची सोडत काढली होती, त्यात ती दुसरी होती. पहिल्याने उत्तरच दिलं नाही म्हणे, म्हणून घर तिच्याकडे आलं.

"कोण गं असला मूर्ख, हातातलं घर सोडणारा," व्योसा म्हणाली, "देव त्याचं भलं करो."

एल्सबेथने तिला मिठी मारली. मनापासून आनंद झाला तिला. ओझं उतरल्यासारखं वाटलं, कारण अंगणात समोरासमोर आलं की त्या भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या तिच्या डोळ्यांपुढे येत असत. जाताना व्योसा दारात वळली.

"आता मी इथून जातेच आहे म्हणून बोलते. वाईट वाटून घेऊ नकोस. ते शर्ट धूत जाऊ नकोस. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे."

"मग कुणी सांगितलं का नाही?" एल्सबेथने विचारलं.

"कोण सांगणार? सगळ्यांना वाटत होतं, तू स्वतःच सांगशील."

पुढचा मंगळवार. ती तरीही शर्ट घेऊन खाली गेली. दोन आठवड्यांपूर्वी होते आणि आज नाहीत, हेही खिडक्यांना दिसलंच असतं. हिरवा शर्ट दोरीवर टाकत असताना फाटक वाजलं. रेतो होता. मंगळवारी दुपारी, कामाच्या कपड्यांत.

तो दोरीसमोर थांबला. एकेक शर्ट पाहत गेला.

"हे माझे आहेत," तो म्हणाला.

"हो."

"धुतेस का? कोण घालतं हे?"

तिने हिरव्या शर्टाला चिमटा लावला. तो अंगणातल्या बाकावर बसला, कोपर गुडघ्यांवर टेकून.

"आई, मिरियमला दिवस गेलेत. तीन महिने होईपर्यंत सांगायचं नाही म्हणून गप्प होतो. आम्ही नव्या इमारतीत घरासाठी अर्ज केला होता, माझ्या सभासद क्रमांकावर. वाटलं, मिळालं तर दोन्ही बातम्या एकदमच देऊ. पत्रच आलं नाही. म्हटलं, सोडतीत नाव नसेल. आज कचेरीत फोन केला तर टोब्लरबाई म्हणतात, तुमचं नाव पहिलं होतं. पत्र पाठवलं. तुमच्या आईने सांगितलं की तुम्ही कुठे जात नाही." त्याने वर पाहिलं. "यादीत पत्ता इथलाच राहिला होता, ती माझी चूक. पण तू असं का सांगितलंस? मी तर दोन वर्षांपूर्वीच गेलो ना?"

एल्सबेथ जिना चढून वर गेली. लाल टेबलक्लॉथखालून पाकीट काढलं आणि खाली आणून त्याच्या हातात दिलं. मग त्याच्या शेजारी बसून, अंगणाकडे पाहत, तिने सगळं सांगितलं. फॉर्म, दोन वर्षं, शर्ट, अर्धा कप कॉफी. काहीच मागे ठेवलं नाही. तो पाकीट उलटसुलट करत होता. डिंकाची पट्टी जशीच्या तशी होती.

"हे तू उघडलंच नाहीस."

"नाही."

"उघडलं असतंस तर कळलं असतं. पहिल्याच दिवशी. तुझ्याबद्दल एक अक्षरही नसेल यात." त्याने पाकीट तिच्यापुढे धरलं. "महिनाभर घरात होतं. का नाही उघडलंस, आई?"

"दुसऱ्याचं पत्र," ती म्हणाली, "कसं उघडणार?"

रेतोने तिच्याकडे पाहिलं. आधी त्याला हसू आलं, मग ते हसू वाटेतच मोडलं आणि त्याने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. वरच्या खिडक्यांत कुणीतरी पडदा सोडला. एल्सबेथने त्याच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि परत मांडीवर ठेवला, कारण तो हक्क आज आपला आहे की नाही याची तिला खात्री वाटेना.

बऱ्याच वेळाने ती उठली. दोरीवरून शर्ट काढायला लागली, ओलेच. रेतो उभा राहून तिच्या हातातून एकेक घेत गेला. पांढरा शर्ट त्याने छातीला लावून पाहिला. खांद्यात चार बोटं कमी पडत होता.

"कचेरी पाचपर्यंत असते," ती म्हणाली. "मी आत्ताच जाते. खोटं लिहिलं ते सांगते. टोब्लरबाई काय करतील ते करतील."

"ते तुला काढून टाकतील. घर जाईल, आई. आणि ते मलाही मिळणार नाही, यादीतल्या पुढच्याला जाईल."

"घर आपलं नाही, रेतो," तिने अकरा वर्षांच्या सवयीनं सुरू केलं. वाक्याचा पुढचा अर्धा भाग ती शोधत राहिली, पण तो काही केल्या तोंडातून बाहेर येईना. मग तिने खिशातून धुण्याच्या खोलीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली, सातला खालच्या मजल्यावर द्यायची म्हणून सांगितलं, आणि फरशी पुसायला विसरू नकोस म्हणून बजावून ती फाटकाकडे निघाली.